उडीनंतर ट्रक उसळतो: शॉकमध्ये कोणते तेल घालावे?

प्रश्न: पुण्यातील तळजाई टेकडीच्या खडकाळ वाटेवर माझा १/१० मापाचा रिमोट ट्रक उडी घेऊन उतरला की मागून उसळतो आणि कलंडतो. शॉकची (चाकाजवळची धक्के शोषणारी तेलभरली नळी) स्प्रिंग बदलावी की आतले तेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: स्प्रिंगला तूर्त हात लावू नका, ती वजन पेलते, उसळी मात्र तेल आवरते. मागे ३५० सीएसटीचे (सीएसटी हे तेलाच्या घट्टपणाचे माप, आकडा मोठा तितके तेल घट्ट) सिलिकॉन तेल असेल, तर ४५० घालून पाहा. भरल्यावर पिस्टन सावकाश वरखाली करा आणि बुडबुडे पूर्ण निघेपर्यंत शॉक उभा ठेवा, कारण आत हवा राहिली की दांडा दाबताना पचपच आवाज येतो आणि घट्ट तेलही व्यर्थ जाते.

उत्तर २: सहमत आहे, परंतु तेल फारच घट्ट झाले तर बारीक खडीवर चाके जमीन सोडतात. मे महिन्याच्या दुपारी तेल पातळही होते, म्हणून ज्या वेळी ट्रक चालवता त्याच वेळी तपासावे.