मे महिन्यात कोकणातून त्रिशंकू केव्हा आणि कसा पाहावा?

प्रश्न :
मे महिन्याच्या मध्यास, अमावास्येच्या आसपास, आम्ही मालवणजवळच्या गावी जाणार आहोत. माझ्या मुलीने नुकतीच सातवीची परीक्षा दिली आहे. पुण्याच्या गच्चीवरून तिने सप्तर्षी आणि ध्रुव ओळखले. परंतु दक्षिणेला इमारती असल्यामुळे त्या बाजूचे आकाश तिने कधी पाहिलेलेच नाही. आमच्याकडे १० × ५० ची द्विनेत्री आहे. दक्षिण क्षितिजाजवळ काय पाहावे आणि ते किती वाजता?

प्रतिसाद १ :
रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला तोंड करून उभे राहा. वर हस्त नक्षत्राचा चौकोन दिसेल. तेथून सरळ खाली, हात लांब करून धरलेल्या साडेतीन मुठींवर, त्रिशंकूचा, म्हणजे क्रूसाच्या आकारातील चार ताऱ्यांच्या समूहाचा, वरचा तारा सापडतो. मालवणहून तो क्षितिजापासून सुमारे १७ अंश, तर सर्वांत खालचा तारा जेमतेम ११ अंश उंच असतो. त्रिशंकूच्या डावीकडे मित्रक आणि मित्र हे दोन ठळक तारे आहेत. त्यांपैकी मित्र पावणेबाराच्या सुमारास सर्वांत उंच येतो. हे दोघे शेजारी दिसत असले, तरी त्यांच्यातील अंतर मुलीला अवश्य सांगा : मित्राचा जो प्रकाश त्या रात्री तिच्या डोळ्यांत शिरेल, तो ती तिसरीत असताना निघालेला असेल आणि मित्रकाचा प्रकाश साधारण शिवजन्माच्या सुमारास.

प्रतिसाद २ :
वरील माहितीला जोडून जागेविषयी सांगतो. आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे पुळणीवर बसले की समोर समुद्र असतो, पण दक्षिणेला बहुधा एखादी डोंगराची सोंड आडवी येते, आणि मे महिन्यातील दमट हवेत क्षितिजालगतचे तारे विरून जातात. म्हणून गावामागच्या सड्यावर (उघड्या कातळपठारावर) जा आणि दक्षिणेकडची बाजू मोकळी आहे की नाही, हे दिवसाउजेडीच पाहून ठेवा. नैर्ऋत्येला, आणखी खाली, त्रिशंकूसारखीच एक मोठी पण फिकट आकृती दिसते. तिला फसवा क्रॉस (खोटा क्रूस) म्हणतात आणि अनेक जण तिलाच त्रिशंकू समजून समाधानाने घरी परततात. शेजारी मित्र-मित्रकाची जोडी असेल, तरच तो त्रिशंकू.

प्रतिसाद ३ :
द्विनेत्री जवळ असताना ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ चुकवू नका. माझ्या मते त्या रात्रीचे सर्वांत मोठे धन तेच आहे. साडेदहाच्या सुमारास चित्रा या ठळक ताऱ्यापासून सरळ खाली साडेतीन मुठी उतरा. नुसत्या डोळ्यांना अंधुक ताऱ्यासारखा दिसणारा तो ठिपका द्विनेत्रीतून गोल, धूसर कापसाच्या बोंडासारखा दिसतो. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीने त्याची नोंद तारा म्हणूनच केली होती. १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून निरीक्षण करणाऱ्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांना तो तारा नसल्याचे जाणवले. प्रत्यक्षात तो सुमारे १७,००० प्रकाशवर्षे दूर असलेला, जवळजवळ एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे. डोळे अंधाराला सरावण्यासाठी वीस मिनिटे द्या आणि तेवढा वेळ मोबाइल खिशातच राहू द्या.

प्रश्नकर्ता :
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. याच रात्री अगस्त्य हा दक्षिणेचा ठळक ताराही दिसेल का?

प्रतिसाद १ :
मेच्या मध्यास अगस्त्य आठच्या सुमारास मावळतो. त्यामुळे साडेसातलाच सड्यावर पोहोचलात, तर संधिप्रकाशात नैर्ऋत्येला, अगदी क्षितिजाला टेकलेला, तो क्वचित सापडेल. त्याला नीट पाहण्यासाठी फेब्रुवारीत पुन्हा गावी जावे लागेल.