घरच्या कॉम्प्युटरला सेफ व्हिडिओ प्लेयर कोणता?

प्रश्न: विंडोज १० आहे, आईबाबाच जास्त वापरतात. लग्नाचा व्हिडिओ एमकेव्ही नावाच्या फाईल प्रकारात आलाय, आवाज येतो पण चित्रच नाही, आणि गूगल केलं की जो तो कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडून दाखवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा) डाउनलोड करा म्हणतो, बाबा त्यावर क्लिक करतील हीच भीती. काय टाकू?

उत्तर १: व्हीएलसी टाका. फुकट, जाहिराती नाहीत, ओपन सोर्स आहे म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता येतो, १९९६ला पॅरिसजवळच्या कॉलेजात पोरांनी सुरू केलेलं काम आहे ते. कोडेक आतच असतात म्हणून वेगळं काही घ्यावं लागत नाही. फक्त व्हिडिओलॅन डॉट ऑर्गवरूनच घ्या, सर्चमध्ये वर जाहिरात असं लिहून येतं त्याला हात लावू नका.

उत्तर २: सहमत. २०२२मध्ये ती साईट भारतात ब्लॉक होती, नोव्हेंबरात परत उघडली, त्या काळात भलतीकडून घेतलेला सेटअप कोणाच्या पेनड्राइव्हवर असेल तर तो घेऊ नका हो. आणि अपडेट विचारलं की करायचंच, २०१७ला सबटायटल फाईलमधून कॉम्प्युटर ताब्यात घेता येईल अशी चूक सापडली होती, व्हीएलसी पण त्यात होतं, लगेच दुरुस्त केली त्यांनी.

प्रश्नकर्ता: धन्यवाद! व्हिडिओच्या नावाने व्हायरस आला तर कसा ओळखायचा?

उत्तर १: फाईल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा. फाईलच्या नावाच्या शेवटी डॉट ईएक्सई दिसलं तर तो व्हिडिओ नाहीच, प्रोग्राम आहे, उघडू नका, सरळ डिलीट. बाबांना एवढं नक्की दाखवून ठेवा.