धनुष्याच्या मुठीवर सुतळी: ओली गुंडाळायची की कोरडी?

रानसाग
धामणीच्या अखंड लाकडाचं धनुष्य घासून तयार आहे. लांबी १६५ सेंमी, मूठ १० सेंमी, मुठीचा घेर ११ सेंमी. पूर्ण ओढलं की मूठही किंचित वाकते. तिच्यावर २ मिमी जाडीची तागाची सुतळी गुंडाळायची आहे. किती मीटर लागेल? शेवटचं टोक गाठ न मारता कसं बंद करतात? आणि सुतळी भिजवून गुंडाळली की वाळताना आवळते म्हणतात, ते खरं का? लाकडाला अजून तेल दिलेलं नाही.

पटाशी
भिजवू नका. वाळताना आवळतं ते कच्चं चामडं किंवा तात (आतड्याची दोरी). पीळ दिलेल्या सुतळीचं उलट असतं. पाण्याने तंतू आडवे फुगतात, त्यामुळे सुतळी जाड होते आणि लांबीला आखडते. म्हणजे ती घट्ट असते ती ओली असताना. वाळली की सैल पडते. कपडे वाळत घालायची सुती दोरी पावसात ताठ होते आणि उन्हात पुन्हा झोळते, तसंच. कोरडीच गुंडाळा.

हिशेब: १० सेंमीत २ मिमीचे ५० वेढे. सुतळीची जाडी धरून एका वेढ्याला साधारण ११.६ सेंमी, म्हणजे ५.८ मीटर. टोकांसाठी आणि हातात धरायला धरून साडेसहा मीटर घ्या. गुंडाळल्यावर घेर सव्वा सेंमीने वाढेल. आत्ताच मूठ हातात भरल्यासारखी वाटत असेल तर आधी बाजूंनी थोडी उतरवा. कडा गोल करा, १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. तेल द्यायचं ते सुतळी गुंडाळून झाल्यावर आणि फक्त दोन्ही पात्यांना, म्हणजे मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांना. तेलकट लाकडावर वेढे सरकतात.

धनुष्याची दोरी उतरवलेली असू द्या. सुतळीचं ४ सेंमी टोक मुठीवर उभं ठेवा आणि त्याच्यावरूनच वेढे घ्या. धनुष्य फिरवा, सुतळीची गुंडी नाही. गुंडी भोवती फिरवली की सुतळीत पीळ वाढत किंवा उकलत जातो. पन्नास वेढ्यांत ती एकतर वळवळते नाहीतर पिसते. गुंडी पायाखाली दाबून ताण द्या आणि दर पाच-सहा वेढ्यांनी नखाने मागे रेटा.

शेवटचे आठ वेढे उरले की २० सेंमी तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी) दुमडून मुठीवर उभी ठेवा. दुमड पुढे, जिथे गुंडाळणं संपणार आहे तिकडे. दोन्ही टोकं मागे, झालेल्या वेढ्यांवर. तिच्यावरून आठ वेढे घ्या, सुतळी कापा, टोक दुमडीतून ओवा आणि तंगूसची मोकळी टोकं ओढा. सुतळीचं टोक वेढ्यांखाली शिरून मागे बाहेर येतं. तिथे लगत कापा. दहा-बारा वेढ्यांखालून ओढायला गेलात तर तंगूस तुटते, मग सगळं उकला. टोकाचा उंचवटा लक्ष्याकडच्या बाजूला घ्या, तळव्याखाली नको.

वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे दोन पातळ हात.

सुंभ
बाकी सगळं मान्य, लाख नको. मूठ वाकते असं त्यांनी लिहिलंय. ओढताना पोटाकडचे (आपल्याकडच्या बाजूचे) वेढे एकमेकांवर दाबले जातात आणि पाठीकडचे (लक्ष्याकडच्या बाजूचे) किंचित फाकतात. कडक लाख तिथे तडकते, पांढऱ्या रेघा दिसतात आणि कुरकुर सुरू होते. ताठ मुठीला लाख उत्तम; इथे मधमाशीचं मेण. आधी सुतळीचे केस मेणबत्तीवरून झरकन फिरवून जाळा (थांबलात तर सुतळीच पेटेल), मग मेण घासा आणि कोमट फडक्याने चोळून आत जिरवा.

फेविकॉल लावायचाच तर फक्त लाकडावर, दोन्ही टोकांना २-२ सेंमी, चिकट झाल्यावर. वरून ओतलात तर त्यातलं पाणी सुतळी पिते आणि पटाशी म्हणतात तोच प्रकार होतो.

मूठ मध्ये फुगीर असेल तर वेढे टोकांकडे घसरतात. अशा वेळी बारीक टोकाकडून जाडीकडे चढत जायचं, म्हणजे प्रत्येक वेढ्याला आधीचा टेकू मिळतो. उतारावरच्या दुसऱ्या अर्ध्याला तो मिळत नाही, तिथे फेविकॉल हवाच.

रानसाग
मूठ सरळच आहे, मेण लावतो. तागाऐवजी दुसरं काही चांगलं? आणि बाण हातावर टेकवूनच सोडायचा आहे, तर वेढे वरपर्यंत न्यायचे का?

सुंभ
ताग घामाने लवकर कुजतो आणि ओला झाला की कमजोर पडतो. सुती दोरी मऊ, ओली झाली तरी ताकद टिकते, पण मळते. अंबाडीचा वाख (सालीचे तंतू) मिळाला तर मला सगळ्यात आवडतो. धामणीच्या सालीचाही वाख निघतो, साल टाकली नसेल तर बघा. घायपात हाताला टोचते. काथ्या विसरा.

पटाशी
बाण जिथून घासून जातो तिथे वेढे नकोत. पिसाचा देठ वेढ्यांच्या खाचांत अडखळतो आणि बाण फेकला जातो. मुठीच्या वरच्या कडेला थांबा. वर पातळ चामड्याची २ सेंमी पट्टी चिकटवा, तिची खालची कड सगळ्यात वरच्या तीन-चार वेढ्यांखाली दाबून.

आणि गुंडाळण्याआधी मुठीची पाठ उजेडात तिरकी धरून बघा. आडवी चीर दिसली तर ती सुतळीने सांधली जात नाही, फक्त झाकली जाते. ते धनुष्य ओढू नका.