मदत हवी आहे: ५-एचआयएए तपासणीआधीचे पथ्य

कार्सिनॉइड सिंड्रोम (संप्रेरकांसारखी रसायने सोडणाऱ्या कार्सिनॉइड गाठींमुळे होणारा विकार) आणि सेरोटोनिन हे रसायन यांचा धागा १९५३ मध्ये औषधशास्त्रज्ञ लेम्बेक यांना गाठीतच ते रसायन सापडल्यावर पक्का झाला. त्यासाठीची लघवीतल्या ५-एचआयएएची (शरीरात सेरोटोनिनपासून बनणाऱ्या पदार्थाची) तपासणी मात्र अजून ताटापाशीच फसते. सकाळची पहिली लघवी टाकून पुढच्या २४ तासांची सगळी, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून, आम्ल घातलेल्या बाटलीत साठवायची. आधी वेगळ्या भांड्यात घ्यावी, नाहीतर आम्ल अंगावर उडते. त्याआधी ३ दिवस आणि गोळा करतानाही केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो, वांगी बंद. त्यांतल्या सेरोटोनिनचे ५-एचआयएए होऊन आकडा फुगतो. कच्च्या केळ्यांचे वेफर्स तर रुग्ण केळ्यांत धरतच नाहीत!

पण पथ्याच्या याद्या परदेशी. फणस, जांभूळ, कोकम यांतल्या सेरोटोनिनचे मोजलेले आकडे कोणाकडे आहेत का?