क्लब कोणाचा? कर्ज मालकानं काढायचं आणि हप्ते लाल जर्सीनं फेडायचे?

पूर्णेकर (सध्या छत्रपती संभाजीनगर)

इंग्लंडचा आपला फुटबॉल क्लब मँचेस्टर युनायटेड, त्याच्या बिलबाओमधल्या युरोपा लीग फायनलची रात्र अजून डोक्यातून जात नाही. २१ मे २०२५. मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला. गारखेड्यात मित्राच्या गच्चीवर आम्ही नऊ जण, एक टीव्ही, आणि मे महिन्याच्या उकाड्यात कूलर बंद, कारण त्याच्या आवाजात कॉमेंट्री ऐकू येईना. टॉटनहॅमनं पहिल्या हाफच्या शेवटाकडे एक गोल केला, तो आपल्याला शेवटपर्यंत फेडता आला नाही. युरोपा लीग गेली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आधीच सोळाव्या नंबरवर होतो. जिना उतरताना कुणी कुणाशी बोललं नाही.

हरण्याचं दुःख आहेच, पण हा धागा त्यासाठी काढलेला नाही. मँचेस्टर युनायटेड ज्या पद्धतीनं चालवला जातो, त्याबद्दल बोलायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबानं क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम कर्जाऊ होती आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर टाकला गेला. तोवर क्लबवर कर्ज नव्हतं. आपल्या भाषेत सांगतो. समजा एखाद्यानं तुमच्या शेजारचं ओलिताचं रान कर्ज काढून विकत घेतलं, आणि बँकेचा बोजा त्याच रानाच्या सातबाऱ्यावर चढवला. आता हप्ते कोण भरणार? ते रानच. विहिरीतला गाळ काढायला पैसा नाही, पाइपलाइन जागोजागी फुटलेली, पण हप्ता वेळेवर. वर नवा मालक खळ्यावर येऊन आपला वाटा उचलून नेणार. ओल्ड ट्रॅफर्ड या क्लबच्या स्टेडियमचं छत २०२४ च्या मे महिन्यात आर्सेनलच्या मॅचला कसं गळत होतं ते सगळ्यांनी पाहिलं. स्टँडमध्ये वरून पाण्याची धार लागली होती.

मी या क्लबशी का जोडला गेलो तेही सांगतो. माझे वडील रेल्वेत, आमचं सगळं लहानपण पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. हा क्लब १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी काढला, हे वाचलं तेव्हा मी आठवीत होतो. वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे आपल्यासारख्यांचाच आहे की." तेवढं पुरलं. त्यामुळे "मालक कुणीही असो, तू मॅच बघ" हे मला जमत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की या लोकांनी क्लब सोडेपर्यंत आपण जर्सी घेऊ नये आणि क्लबच्या मालावर एक रुपया घालू नये. तुम्हाला काय वाटतं?

लातूरचा लेफ्ट विंग

काय बोलूलालाव राव! ग्लेझर आल्यावर २००७, २००८, २००९, २०११ आणि २०१३, पाच वेळा लीग जिंकली. २००८ ला मॉस्कोत चेल्सीला हरवून चॅम्पियन्स लीग. तेव्हा बोजा नव्हता का सातबाऱ्यावर? होता की. तेव्हा आपण सगळे नाचत होतो.

आणि पैसा नाही असं कसं म्हणता? खेळाडू बघा, २०१६ ला पोग्बा ८.९ कोटी पौंडांना, तेव्हाचा जगातला विक्रम. २०१९ ला मग्वायर ८ कोटींना, २०२२ ला अँटनी. एवढा पैसा ओतूनही मॅनेजर म्हणून मोयेस झाला, व्हान गाल झाला, मुरिन्यो, सोल्शायर, टेन हाग झाला. प्रत्येकाला वेगळ्या पद्धतीचा संघ पाहिजे, म्हणून आधीच्यानं आणलेले पोरं दुसऱ्याला नकोत. हा खरेदीतला गोंधळ आहे, कर्जातला नाही. चुकीचं बियाणं पेरलं तर बँकेला शिव्या देऊन काय उपयोग?

पूर्णेकर

@लातूरचा लेफ्ट विंग भाऊ, पाच लीग मान्य. पण ती पिकं तेव्हाचा मॅनेजर फर्ग्युसननं आधीच्या वर्षांत कसलेल्या जमिनीवर आली. २०१३ ला तो गेला आणि त्यानंतर एकही लीग नाही.

आणि चुकीचं बियाणं आणलं कोणी? फुटबॉल कळणारा माणूस वरच्या खुर्चीत न बसवता जाहिरातींचे करार आणणारी माणसं कोणी बसवली? पोग्बाचे पैसे ग्लेझरच्या खिशातले नव्हते, ते क्लबच्या कमाईतले आणि उधारीतले होते. त्यातून व्याजही गेलं, काही वर्षं लाभांशही गेला. खरेदी चुकली हे खरंच आहे, पण ती चुकत राहिली, वर्षानुवर्षं, आणि कुणाला जाब द्यावा लागला नाही. मला राग त्याचा आहे.

मोंढा जालना

मी व्यापारी माणूस, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कर्ज काढून धंदा विकत घेणं आणि त्याच धंद्याच्या कमाईतून ते फेडणं हा गुन्हा नाही. जगभर चालतं. क्लबचे शेअर बाजारात होते, भागधारकांनी भाव बघून विकले. बहुतेकांवर कुणी जबरदस्ती केली नव्हती. विकणाऱ्यांना कुणी काही म्हणत नाही, घेणाऱ्यावरच सगळे तुटून पडतात.

शिवाय आता २०२४ पासून ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ आला आहे. पाव हिश्श्याहून थोडं जास्त घेतलं, फुटबॉलचा कारभार त्याच्याकडे. एक लाख बैठकीचं नवं स्टेडियम बांधायचं जाहीर केलंय. खर्च कमी करतोय. तोट्यातला धंदा सावरायचा तर कात्री लावावीच लागते. माझ्याच दुकानात मी दोन वर्षांपूर्वी लावली, रात्र रात्र झोप नव्हती, पण दुकान वाचलं.

अंबाजोगाईची

@मोंढा जालना दादा, कात्री कुठे लागली ते बघा. २०२४ मध्ये सुमारे अडीचशे लोकांना घरी बसवलं आणि पुढच्या वर्षी आणखी दोनशेपर्यंत जागा कमी करणार असं सांगितलं. कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद केलं. आणि २०२४ च्या डिसेंबरपासून हंगाम चालू असताना उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंड केली. लहान मुलांना सवलत नव्हती, म्हाताऱ्यांना नव्हती.

मी शिक्षिका आहे. शाळेच्या सहलीत अर्धं तिकीट बंद झालं तर कोणती मुलं गळतात हे मला यादी न बघता सांगता येतं. तिथेही तेच होणार. बापाचा हात धरून मैदानावर जाणारं पोर गेलं की क्लब पुढच्या पिढीतून गेला. एका अँटनीच्या किमतीत किती वर्षं ती पोरं कमी दरात बसली असती? तुमच्या दुकानात तुम्ही कात्री लावली तेव्हा स्वतःची उचल आधी कमी केली असणार. इथं वरचे जसेच्या तसे आहेत.

मोंढा जालना

ताई, उचल पहिल्याच महिन्यात थांबवली होती, हे खरं आहे. पोरांच्या तिकिटाचं मी समर्थन करणार नाही, तो निर्णय मलाही पटला नाही. पण मालकी ही मालकी असते, या मुद्द्यावर मी ठाम आहे.

बीडचा बसप्रवासी

माझं मत कडू लागेल. आपण ओल्ड ट्रॅफर्डला एकदाही गेलेलो नाही. तिकीट काढत नाही. निम्म्या लोकांच्या जर्स्या पैठण गेटच्या हातगाडीवरच्या. त्या जर्सीवर बहिष्कार टाकून ग्लेझरला काय फरक पडणार? तिथले लोक २०१० ला हिरवे-पिवळे मफलर घालून बसले, न्यूटन हीथचे जुने रंग. २ मे २०२१ ला तर मैदानात घुसले, लिव्हरपूलची मॅच पुढे ढकलावी लागली. तरी मालक गेले नाहीत. आपण गच्चीवर बसून काय करणार?

आपल्या राज्यात काय झालं ते आठवा. एफसी पुणे सिटी हा फुटबॉल क्लब २०१४ ला आला आणि २०१९ ला बंद. आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला गेली. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो, स्वारगेटहून बस बदलून बालेवाडीला मॅच बघायला जायचो. नारंगी शर्टातली पोरं, त्यांचे ढोल, माझ्या शेजारी बसून दर कॉर्नरला उभे राहणारे एक आजोबा. एका उन्हाळ्यात सगळं संपलं. मराठवाड्यातून किती लोकांनी त्यावर एक ओळ लिहिली? मँचेस्टरच्या छताला गळती लागली की मात्र धागा निघतो.

पूर्णेकर

@बीडचा बसप्रवासी पुण्याबद्दल मी लिहिलं नाही. चूक माझी आहे, मान्य करतो.

पण "आपण कोण?" याचं उत्तर क्लबच देतो. जगभरात एक अब्जाहून जास्त चाहते आणि अनुयायी आहेत, हा आकडा क्लब स्वतः सांगतो आणि तो दाखवून प्रायोजक मिळवतो. आपल्या देशातल्या अपोलो टायर्सनं २०१३ मध्ये त्यांच्याशी करार केला, तो मँचेस्टरशेजारच्या सालफर्डमधल्या लोकांना टायर विकायला नव्हे. त्या अब्जात गच्चीवरचे आम्ही नऊ जणही मोजलेले आहेत. मोजताना चालतो, मग बोलताना का चालू नये?

नांदेडचा गोलकीपर

पाठीराख्यांच्या रागानं काही होत नाही असं म्हणणाऱ्यांनी कोलकात्याकडे बघावं. मोहन बागान क्लब, स्थापना १८८९. २०२० मध्ये त्याचा फुटबॉल विभाग एटीके या आयएसएलमधल्या क्लबशी जोडला आणि नाव झालं एटीके मोहन बागान. लोकांना ते सहन झालं नाही. नाव काढा, म्हणून वर्षानुवर्षं फलक लावले, मोर्चे काढले, समाजमाध्यमांवर धरून ठेवलं. मार्च २०२३ मध्ये गोव्यात आयएसएलची फायनल जिंकली आणि त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी एटीके नावातून काढत असल्याचं जाहीर केलं.

आता कुणी म्हणेल, मालक तोच राहिला. राहिला. पण नाव परत मिळालं, आणि ते मागणाऱ्यांमुळे मिळालं. मी वजिराबादेत एका बंगाली मिठाईवाल्याच्या दुकानात ती बातमी ऐकली. त्या माणसानं गल्ल्यावरून उठून मला पेढा दिला होता. ओळख ना पाळख.

तेरणाकाठ (धाराशिव)

सगळे मालकांना शिव्या देताहेत. मग पर्याय काय? सभासदांचा क्लब, एक माणूस एक मत? मराठवाड्यात बसून हे बोलायला मला जड जातं.

आमच्या भागातला साखर कारखाना सभासदांचाच होता. वडिलांनी शेअर घ्यायला कडबा विकला होता. त्यांच्याबरोबर मी वार्षिक सभेला जायचो. मांडव, जिलेबी, स्टेजवर हार. सचिव विषय वाचायचा, वाक्य पूर्ण व्हायच्या आत पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर". अहवालाची पानं कुणी उलटायचं नाही. कर्ज वाढत गेलं, उसाची बिलं थकली, धुराडं थंड झालं. कुणी परदेशी मालक आला नव्हता. आपलीच माणसं होती, आपणच निवडलेली. सभासदाचं मत म्हणजे जादू आहे असं समजू नका.

अंबाजोगाईची

@तेरणाकाठ तुमचं वाचून पोटात कालवलं, आमच्या घरातही असा एक शेअर ट्रंकेत पडून आहे. पण जर्मनीतही सभासदांचीच व्यवस्था आहे, आणि चालते. १९९८ पासून तिथे नियम आहे, क्लबच्या कंपनीत अर्ध्याहून जास्त मतं सभासदांच्या संस्थेकडेच राहतात. लेव्हरकूझन, वोल्फ्सबुर्गसारखे मोजके अपवाद आहेत, पण बहुतेक ठिकाणी हेच.

आणि तिथले सभासद गप्प बसत नाहीत, फरक तो आहे. लीगनं प्रसारणाच्या हक्कांत गुंतवणूकदार आणायचं ठरवलं, तेव्हा लोकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी फेकून मॅच थांबवल्या. एकदा नाही, आठवड्यामागून आठवडा. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगनं तो व्यवहार सोडून दिला. तुमच्या सभेत पुढची रांग "मंजूर" म्हणत होती तेव्हा मागच्या रांगा काय करत होत्या?

तेरणाकाठ (धाराशिव)

जिलेबी खात होत्या, ताई. मीही त्यातच होतो, दहा वर्षांचा. वडील मात्र एकदा उठले होते. व्याज किती भरलं, एवढंच विचारलं. माइक बंद केला. त्या वर्षी आमच्या उसाला तोड सर्वांत शेवटी आली, वाळून चिपाड झाल्यावर. तेव्हापासून आमच्या घरात कुणी प्रश्न विचारत नाही.

लातूरचा लेफ्ट विंग

हे वाचून थोडा थांबलो. खरेदीचा मुद्दा सोडत नाही. पण जाब विचारायची सोयच नसेल तर चुकीची खरेदी वीस वर्षं चालू राहते, हे पूर्णेकरचं म्हणणं आता कळूलालंय. जर्सीचं मात्र मला पटलं नाही. ती मी मालकासाठी घालत नाही. माझ्या पोराला सात नंबरची पाहिजे, मी नाही म्हणू शकत नाही.

नांदेडचा गोलकीपर

२००५ ला तिथल्याच काही लोकांनी वैतागून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा वेगळा क्लब काढला, एका सभासदाला एक मत. छोट्या लीगमध्ये खेळतो. त्यांची जर्सी घ्या पोराला.

लातूरचा लेफ्ट विंग

त्यावर सात नंबर छापून मिळतो का ते बघतो.

मोंढा जालना

इंग्लंडमध्ये जुलै २०२५ ला कायदा झालाय, फुटबॉलवर स्वतंत्र नियामक. क्लबचा आर्थिक कारभार आणि मालकाची पात्रता तपासणार, पाठीराख्यांशी सल्लामसलत करावी लागणार. धंदेवाला म्हणून मला सरकारी हस्तक्षेप आवडत नाही. पण ‘बरी’ (Bury) नावाचा १८८५ चा क्लब होता, तो २०१९ मध्ये पैशांअभावी लीगमधून काढला गेला, हेही मला माहीत आहे. एवढा नियम असावा, इथवर मी येतो. मालकी काढून घ्या, इथवर नाही.

पूर्णेकर

@मोंढा जालना एवढं मान्य केलंत, बरं वाटलं. काल वडिलांना फोनवर हा सगळा धागा वाचून दाखवला. ते आता रिटायर आहेत, पूर्णेतच असतात. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या एका पतसंस्थेचे सभासद आहेत, तिची वार्षिक सभा सप्टेंबरात असते. तेरणाकाठच्या वडिलांचा प्रसंग दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, अहवाल दरवर्षी घरी येतो, मी रद्दीत टाकतो. या वेळी टाकत नाही. तू ये, दोघं मिळून वाचू.

सुट्टी टाकली आहे.

तेरणाकाठ (धाराशिव)

व्याजाचा आकडा विचारला की इथे कळवा. माइक चालू राहिला का, तेही.