तातडीची मदत हवी आहे: हे लष्करी पोलीस संरक्षण खात्याचे की गृहखात्याचे?

घाईत_आहे: उद्या सकाळी सादरीकरण आहे. लष्करी धाटणीच्या राष्ट्रीय पोलीस दलाची माहिती तक्त्यात भरायचीय. 'कोणाच्या अखत्यारीत' हा एकच रकाना अडलाय. एका पुस्तकात संरक्षण, दुसऱ्यात गृह. नक्की काय लिहू? एका ओळीत सांगा, निबंध नको.

भोचक_भवानी: देश कोणता?

जुना_खोंड: फ्रान्स असेल तर जांदार्मरी (तिथलं लष्करी धाटणीचं पोलीस दल) २००९ पासून गृहमंत्रालयाकडे. जवानांचा दर्जा मात्र लष्करीच.

रिकामटेकडा: इटलीत फिरताना माझं पाकीट मारलं, तक्रार काराबिन्येरींकडे, म्हणजे तिथल्या लष्करी धाटणीच्या पोलिसांकडे दिली. काय तो रुबाब, पँटला लाल पट्टा! १८१४ पासूनचं दल आहे, २००० साली तर सेनादलांत स्वतंत्र दर्जा मिळाला. डोळे मिटून 'संरक्षण' लिहा.

भोचक_भवानी: डोळे उघडा आधी. लष्करी कामापुरतं संरक्षण खातं, सुव्यवस्थेसाठी गृहखातं. स्पेनच्या ग्वार्दिया सिव्हिलचेही असेच दोन धनी.

घाईत_आहे: मला इटली नकोय!

भोचक_भवानी: मग काय हवंय ते सांगा की!

सडेतोड: मुळात अशी दलं हवीतच कशाला? बेल्जियमने २००१ मध्ये जांदार्मरी मोडीत काढली. द्युत्रू नावाच्या अपहरणकर्त्याच्या प्रकरणात मुली बेपत्ता होत्या आणि हाती असलेली माहिती हे लोक दुसऱ्या तपासयंत्रणेला धड देत नव्हते. ऑस्ट्रियानेही २००५ साली पोलिसांत विलीन केली.

जुना_खोंड: माहिती दाबून ठेवायला लष्करी शिस्त कशाला लागते? दोन साधी खातीसुद्धा एकमेकांना फाइल दाखवत नाहीत. फ्रान्सचा सुमारे ९५ टक्के भूभाग आणि निम्मी लोकसंख्या जांदार्मरी सांभाळते, मोठी शहरं राष्ट्रीय पोलिसांकडे. खेड्यातला जांदार्म बायकामुलांसह तिथल्याच वसाहतीत राहतो, अपरात्री हाक मारली तरी येतो. विरळ वस्तीत हे पाळ्या लावून जमवून दाखवा.

सडेतोड: आणि मोर्च्यांवर ढाली घेऊन कोण जातं? हाक मारल्यावर येणारेच ना?

जुना_खोंड: त्यासाठी १९२१ पासून वेगळी फिरती जांदार्मरी आहे. त्याआधी जमावापुढे सरळ सैन्य उभं करायचे. ते बरं होतं का?

सडेतोड: सैन्यापेक्षा बरं, एवढंच प्रमाणपत्र असेल तर बोलणंच खुंटलं. लष्करी दर्जामुळे यांना पोलिसांसारखी युनियनही काढता येत नाही, ते सांगा ना.

रणगाडा: फ्रान्सच्या जीआयजीएन या कमांडो पथकाचं नाव कोणीच कसं घेतलं नाही?? १९७४ ची स्थापना. डिसेंबर १९९४ मध्ये मार्सेयच्या विमानतळावर अपहृत विमानात घुसून प्रवासी सोडवले. तेही जांदार्मरीचंच पथक!

भोचक_भवानी: विचारलंय कोणी?

घाईत_आहे: चिले!! तिथलं काराबिनेरोस दल! देशाचं एवढं काय घेऊन बसलात, दल लष्करी म्हटल्यावर नियम सगळीकडे सारखाच असणार ना?

जुना_खोंड: अजिबात नाही. तुमची दोन्ही पुस्तकं आपापल्या काळापुरती बरोबर आहेत. १९७४ पासून संरक्षण, २०११ मध्ये गृहमंत्रालय, आणि एप्रिल २०२५ पासून नवं सार्वजनिक सुरक्षा मंत्रालय. खात्यापुढे वर्ष टाका.

घाईत_आहे: रकान्यात एवढं मावत नाही.

भोचक_भवानी: रकाना रुंद करा.

रिकामटेकडा: त्यांचा गणवेश हिरवा असतो, फोटो नक्की टाका.