आधी गवताची उंची ठरवा, मग यंत्र

विमानतळावर धावपट्टीलगतचे गवत रोबोटिक यंत्रांनी सतत कापून आखूड ठेवले की विमानांना धडकू शकणारे पक्षी तेथे फिरकणार नाहीत, असे मत मांडले जाते, ते मला पटत नाही. टिटवी, कुरव यांसारख्या, जमिनीतील गांडुळे आणि किडे वेचणाऱ्या पक्ष्यांना आखूड गवतच सोयीचे असते, कारण त्यात भक्ष्यही सापडते आणि चालून येणारा शत्रूही दुरून दिसतो. म्हणूनच ब्रिटनमधील अनेक विमानतळांवर गवत साधारण १५ ते २० सेंटिमीटर उंच राखण्याची पद्धत आहे. बागेसाठी घडवलेले रोबोट बहुधा १० सेंटिमीटरांच्या आत, रोज थोडे थोडे कापतात, आणि त्यातून फुटणारे कोवळे कोंब हंसवर्गीय पक्ष्यांना आमंत्रणच ठरतात.

दुसरी अडचण नियंत्रणाची आहे. ट्रॅक्टरचालकाला नियंत्रण मनोऱ्याने रेडिओवरून सांगताच तो बाजूला होतो. रोबोटलाही तितक्याच खात्रीने थांबवता आणि हटवता आले पाहिजे. उपग्रहाधारित अचूक स्थाननिश्चितीमुळे तो काही सेंटिमीटरांच्या फरकाने आखलेल्या हद्दीत राहू शकतो, हे खरे. परंतु उपकरणाधारित अवतरणासाठी, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला धावपट्टीची वाट दाखवण्यासाठी, रेडिओ संदेश सोडणाऱ्या अँटेनांसमोरील पट्ट्यात कोणतेही धातूचे वाहन त्या संदेशात विकृती आणू शकते, त्यामुळे तेथील कापणीची वेळ मनोऱ्यानेच ठरवावी. सुरुवात वाहनतळाभोवतीच्या हिरवळीपासून करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.